स्वॅब ते पहिला फोन : कोरोना ट्रॅकिंगच्या नोंदी, औरंगाबाद, फेब्रुवारी ते जून २०२१

शहराचं नाव तेव्हाचंच ठेवलंय. या नोंदी एका झोनपुरत्या लाईन लिस्टच्या, म्हणजे एका रुग्णाला एक ओळ अशा यादीच्या आहेत. डॅशबोर्ड, ॲप असलं काही नाही. एक एक्सेल फाइल, दोन लॅपटॉप, साधे मोबाइल, फोनवर बसणारी माणसं आणि दारोदार जाणाऱ्या आशाताई. असंच काम दुसरीकडे उभं करायचं झालं तर वेळ नेमका कुठे जातो ते कळावं एवढ्यासाठी हे लिहिलं आहे. रुग्णसंख्या मुद्दाम दिलेली नाही. हिशेबात येणारे आकडे फक्त समजावण्यापुरते.

२२ फेब्रुवारी

चाचण्यांच्या याद्या तीन रूपांत येतात. कुणाची एक्सेल, कुणाची पीडीएफ, आणि अँटिजेन केंद्रावरून हाताने लिहिलेल्या रजिस्टरचा व्हॉट्सॲपवर फोटो. फोटोतला आकडा ७ की १, हे विचारायला केंद्रावर फोन करावा लागतो आणि तिथला माणूस तोवर पीपीई किटमध्ये असतो. म्हणून पहिला बदल: फोटो चालेल, पण मोबाइल नंबर आणि वय केंद्रावरूनच टाइप करून यायला हवं. नाव-पत्ता इथे उतरवून घेता येतो.

रकाने ठरले. एसआरएफ आयडी (स्वॅबच्या फॉर्मचा क्रमांक), नाव, वय, मोबाइल, पत्ता, वॉर्ड, चाचणीचा प्रकार, निकाल, लक्षणं आहेत की नाहीत. आणि तारखा चार: लक्षणं सुरू झाली ती, स्वॅब दिला ती, अहवाल आला ती, पहिला फोन लागला ती. नुसता ‘तारीख’ असा एक रकाना ठेवला तर प्रत्येक जण आपल्या सोयीची तारीख टाकतो आणि पुढचा सगळा आलेख वाया जातो.

एसआरएफ आयडी तेरा अंकी आहे. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो पेस्ट केला की मधे ई असलेला भलताच आकडा दिसायला लागतो. तशीच फाइल सीएसव्ही करून पुढे पाठवली तर शेवटचे अंक कायमचे गेले. पेस्ट करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा; नंतर करून उपयोग नाही.

४ मार्च

तारखांचा घोळ. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. फेब्रुवारीअखेर हे कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण २२/०२ मध्ये बाविसावा महिना नसतो. एक्सेलने ती तारीख मजकूर म्हणून गप ठेवून दिली. १ तारखेपासून खरी गंमत. १ मार्चचे रुग्ण ३ जानेवारीत गेले, २ मार्चचे ३ फेब्रुवारीत, ४ मार्चचे ३ एप्रिलमध्ये. ३ मार्चचे तेवढे जागेवर. आलेखात रुग्ण एकदम घटल्यासारखे दिसले ते यामुळे.

ओळखण्याची सोपी खूण: रकान्याला कुठलंच अलाइनमेंट न देता बघायचं. खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर झालेली डावीकडे. दोन्ही बाजूंना दिसत असतील तर फाइल बिघडलेली आहे.

उपाय: दोन्ही लॅपटॉपचं रीजन ‘इंग्लिश, इंडिया’ केलं. शिवाय दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करून चौथ्यात डेट फॉर्म्युल्याने तारीख जुळवली. टाइप करणाऱ्याला थोडं जास्त काम पडतं, पण पुन्हा हा घोळ झाला नाही. उद्याची किंवा पुढची तारीख आली की ओळ लाल होईल अशी अटही घातली.

५ मार्च

एकच माणूस दोनदा. अँटिजेन निगेटिव्ह, लक्षणं आहेत म्हणून आरटीपीसीआर, ती पॉझिटिव्ह. नाव एकदा ‘शेख’ आणि एकदा ‘शैख’, किंवा आडनाव आधी आणि नंतर. नावावरून जुळवणं सोडून दिलं. नुसता मोबाइलही चालत नाही, कारण या लाटेत घरातला एक सापडला की बाकीचे पाठोपाठ सापडतात आणि सगळ्यांना नंबर एकाचाच असतो. शेवटी मोबाइलचे दहा अंक, वय आणि लिंग मिळून एक किल्ली केली. जुळ्यांचे अपवाद हाताने बघायचे.

दुसरा कुटाणा पुन्हा चाचणी करणाऱ्यांचा. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर घरातलं विलगीकरण संपतं. निगेटिव्ह अहवालाची गरज नाही. पण कामावर घेताना तो मागतात, मग माणूस पुन्हा स्वॅब देतो, पुन्हा पॉझिटिव्ह येतो आणि यादीत नवा रुग्ण म्हणून बसतो. आयसीएमआरच्या व्याख्येत पुन्हा संसर्ग धरायला दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवसांचं अंतर आणि मधे एक निगेटिव्ह लागतं. त्याच्या आत तीच किल्ली आली तर ओळ ‘फेरतपासणी’ म्हणून बाजूला.

९ मार्च

पत्ते. दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे जातो, हे सुरुवातीलाच धरून चालावं.

सिडकोचं एन-सहा किमान सहा प्रकारे लिहून येतं. ते निदान जुळवता तरी येतं. खरी अडचण हद्दीची. बजाजनगरचा माणूस पत्त्यात औरंगाबाद लिहितो, पण बजाजनगर महापालिकेत नाही. वाळूज पट्टा ग्रामीण यंत्रणेकडे. सातारा-देवळाई मात्र शहरात. ‘पंढरपूर’ असा पत्ता आला की नव्या माणसाने तो सोलापूर जिल्ह्याच्या गठ्ठ्यात टाकू नये. वाळूजजवळ पंढरपूर आहे. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, बुलडाण्याहून रुग्ण येतात आणि फॉर्मवर इथल्या पाहुण्यांचा पत्ता देतात. आशाताई त्या घरी जाते तेव्हा तिथे कुणीच पॉझिटिव्ह नसतं, उलट घरचे तिच्यावरच चिडतात.

तीन गोष्टी केल्या. एक, वसाहतींच्या नावांचं वेगळं शीट: डावीकडे लोक लिहितात ती सगळी रूपं, उजवीकडे वॉर्ड आणि आरोग्य केंद्र. एक्सेलच्या व्हीलूकअप फॉर्म्युल्याने वॉर्ड आपोआप भरतो, न सापडलेली ओळ पिवळी राहते आणि तेवढ्याच हाताने बघायच्या. दोन, फॉर्मवरचा प्रश्न बदलला. ‘पत्ता’ विचारला की लोक आधार कार्डावरचा सांगतात. ‘काल रात्री झोपलात ते घर कुठं? जवळची खूण काय?’ असं विचारलं की मंदिर, मशीद, किराणा दुकान, पाण्याची टाकी असं काहीतरी मिळतं आणि घर सापडतं. तीन, हद्दीबाहेरची ओळ पुसायची नाही. ‘वर्ग केली’ असा शेरा आणि कुणाला कळवलं ते लिहायचं. पुसलेला रुग्ण दोन्हीकडच्या यादीतून गळतो.

१२ मार्च

कालपासून शहरात अंशतः लॉकडाऊन. पॉझिटिव्हिटी दर (शंभर चाचण्यांत पॉझिटिव्ह किती) खाली आलाय म्हणून विचारणा झाली. खाली आलेला नाही. उदाहरण असं: आरटीपीसीआर २००, त्यात पॉझिटिव्ह ४०, म्हणजे २० टक्के. अँटिजेन ८००, त्यात ४०, म्हणजे ५ टक्के. एकत्र १,००० मध्ये ८०, दर ८ टक्के. आता बाजारातल्या, रस्त्यावरच्या अँटिजेन दुप्पट केल्या: १,६०० मध्ये ८०. एकत्र १,८०० मध्ये १२०, दर ६.७ टक्के. रोग तेवढाच, दर मात्र ‘सुधारला’.

यापुढे दोन दर वेगळे आणि अँटिजेनमध्येही लक्षणं असलेले व नसलेले वेगळे. नजर ठेवायची ती लक्षणं असलेल्यांच्या आरटीपीसीआर दरावर. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आलेल्यांची यादी रोज संध्याकाळी केंद्रांना परत जाते. त्यांचा आरटीपीसीआर झालाच पाहिजे. १४ जून २०२० ला अँटिजेनला मान्यता देताना आयसीएमआरने नोंदवलेली संवेदनशीलता, म्हणजे खरोखर लागण झालेल्यांपैकी चाचणी किती जणांना पकडते ते प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के होती. निगेटिव्हवर किती भरवसा ठेवायचा ते त्यातच आलं.

किटबद्दल एक. पट्टी १५ मिनिटांनी वाचायची, ३० मिनिटांनंतर नाही. गर्दीत पट्ट्या टेबलावर मांडून ठेवतात आणि तासाभराने उमटलेली पुसट रेघ पॉझिटिव्ह म्हणून लिहिली जाते. प्रत्येक पट्टीवर पेनाने वेळ लिहायला सांगितलं. मार्करची एक पेटी, एवढाच खर्च.

१९ मार्च

स्वॅब ते पहिला फोन हे अंतर मोजायला घेतलं. सरासरी काढू नये, मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) काढावा. चार-सहा न लागणारे फोन सरासरी बिघडवतात.

अंतराचे तुकडे पाडले तेव्हा कळलं की लॅबचा वेळ हा त्यातला एकच भाग आहे. अहवाल रात्री उशिरा येतात, यादी सकाळी उघडते, दुपारपर्यंत पत्ते चालतात आणि फोन संध्याकाळी. म्हणजे पत्ता नीट होईपर्यंत फोन थांबलेला. हा क्रम उलटा केला: आधी फोन, पत्ता फोनवरच विचारायचा. वॉर्ड नंतर भरला तरी चालतो, धाप लागलेला माणूस थांबत नाही.

चुकीच्या नंबरांचा उपाय स्वॅब केंद्रावरच आहे. नंबर लिहिला की तिथूनच मिस्ड कॉल द्यायचा. खिशात वाजला तर पुढे. दहा वेळा ९ लिहिलेले नंबर त्या दिवसापासून बंद झाले. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी शेजारच्याचा नंबर आणि त्याचं नाव.

अँटिजेन पॉझिटिव्हला घरी पाठवून मग फोन करण्यात अर्थ नाही. तो समोर बसलेला असताना बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, लक्षणांची तारीख आणि घरातल्या माणसांची नावं तिथेच घ्यायची.

सर्वांत जास्त फरक मात्र यामुळे पडला: ४५ च्या पुढचे, मधुमेह-रक्तदाब असलेले आणि लक्षणं असलेले, यांना अहवालाची वाट न बघता स्वॅब दिला त्याच दिवशी फोन. त्यातले काही निगेटिव्ह निघतील, निघू देत.

२४ मार्च

फोनवर काय बोलायचं. पहिला प्रश्न संपर्कांचा नको. ‘घरात कोण कोण आहे’ असं परक्या नंबरवरून विचारलं की माणूस फोन ठेवतो. क्रम असा: आरोग्य केंद्राचं आणि वॉर्डाच्या आशाताईचं नाव सांगा, दम लागतो का, जेवण जातंय का, ताप पहिल्यांदा कधी आला, मग घरातलं वयस्कर माणूस कोण आणि त्यांची तब्येत कशी आहे, संपर्क शेवटी.

लक्षणांची तारीख थेट विचारली तर ‘दोन-तीन दिवस झाले’ हेच उत्तर मिळतं. ‘शिवरात्रीला बरं होतं का? त्यानंतरच्या रविवारी?’ असं वारावर, सणावर नेलं की नेमकी तारीख हाती लागते. या तारखेवर पुढचं सगळं उभं आहे, त्यामुळे इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी हरकत नाही.

एकाच नंबरवरून दिवसभर फोन गेले की लोकांच्या मोबाइलवर तो स्पॅम म्हणून दिसतो. नंबर आलटून पालटून वापरायचे आणि फोनआधी मराठी, हिंदी व उर्दूत छोटा मेसेज टाकायचा. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांना दुपारी फोन करून उपयोग नाही.

१ एप्रिल

रविवार आणि सोमवारच्या धुळवडीला चाचण्या कमी, म्हणून मंगळवार-बुधवारी रुग्ण कमी. हा उतार नाही. अहवालाच्या तारखेचा आलेख बंद करून स्वॅबच्या तारखेवर सात दिवसांची सरासरी घेतली. शेवटचे तीन दिवस राखाडी. त्यांचे अहवाल अजून यायचेत, ती रेघ नेहमीच खाली झुकलेली दिसणार. बैठकीत हेच तीन दिवस दाखवून कुणी समाधान व्यक्त करत असेल तर लगेच सांगावं.

वाढीचा वेग सांगायला साधा भागाकार पुरतो: या आठवड्याची सरासरी भागिले मागच्या आठवड्याची. उत्तर २ आलं तर सात दिवसांत दुप्पट. १.४ आलं तर साधारण चौदा दिवसांत, १.२ आलं तर सव्वीस-सत्तावीस दिवसांत. वॉर्डपातळीवर हा भागाकार करू नये; तीनचे सहा झाले की उगाच धावपळ होते.

७ एप्रिल

संपर्क. एका रुग्णामागे वीस संपर्क दाखवायचे म्हटलं की पाच घरातले आणि पंधरा गल्लीतली नावं येतात, फोन नंबर नसलेली. त्याचा उपयोग शून्य. आम्ही हाय रिस्कचा गट छोटा ठेवला: लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून एका घरात राहिलेले, एका ताटाला बसलेले, बंद जागेत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ जवळ असलेले. प्रत्येकाच्या ओळीत शेवटच्या संपर्काची तारीख आणि त्यात पाच मिळवून ‘चाचणी देय’ तारीख आपोआप. लक्षणं नसतील तर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान एकदा चाचणी. पहिल्याच दिवशी अख्ख्या घराचे स्वॅब घेतले की निम्मे निगेटिव्ह येतात, ‘आपल्याला काही नाही’ म्हणून फिरतात आणि आठवड्याने आजारी पडतात.

१५ एप्रिल

घरी असलेल्यांचा पाठपुरावा. आता सगळ्यांना रोज फोन करणं शक्य नाही. लक्षणांच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात असलेले आणि साठीच्या वरचे यांना दिवसातून दोनदा, बाकीच्यांना एक दिवसाआड. लक्षणांची तारीख नीट घेतलेली असेल तरच ही चाळणी लावता येते.

ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात. लोक नाडीचा आकडा ऑक्सिजनचा म्हणून सांगतात, आणि दोन्ही नव्वदीत असले की फसायला होतं. दोन्ही आकडे विचारायचे, दोन्ही लिहायचे. ‘१०८’ सांगितलं तर ती नाडीच. कूलरसमोर बसलेल्या माणसाचं बोट गार असतं, नखाला रंग किंवा गडद मेंदी असते. बोट चोळून, दुसरं बोट लावून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं.

सहा मिनिटांची चाल: चालण्याआधीचा आकडा, घरातच सपाट जागेवर सहा मिनिटं, लगेच दुसरा आकडा. ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा दम लागला तर दवाखाना. आधीच धाप असेल त्याला चालवायचं नाही. पाचशे-सातशेला मिळणारं यंत्र आता दीड-दोन हजारांवर गेलंय, म्हणून वॉर्डात यंत्रं फिरती ठेवली. देताना सेल बदलून आणि स्पिरिटने पुसून.

कालपासून रमजान. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी फोन लावायचे नाहीत, नंतर तासाभराने लागतात. रोजा असलेल्या रुग्णाला पाणी किती पिताय हा प्रश्न आशाताईने नव्हे, डॉक्टरांनी विचारावा.

२० एप्रिल

नवीन भगदाड: स्वॅब न देताच थेट एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन. फुप्फुसाला किती बाधा झाली ते सांगणारा स्कोअर १२ घेऊन माणूस बेड शोधतोय आणि लाईन लिस्टमध्ये त्याचं नावच नाही, त्याच्या घरच्यांचंही नाही. स्कॅन केंद्रांकडून रोज संध्याकाळी नाव, मोबाइल आणि स्कोअर एवढंच मागवायला सुरुवात केली. या ओळी ‘संशयित’ म्हणून वेगळ्या रंगात. स्वॅब झाल्याशिवाय पॉझिटिव्हमध्ये मोजायच्या नाहीत, पण फोन मात्र पॉझिटिव्हसारखाच.

२३ एप्रिल

बेड आणि ऑक्सिजन.

‘रिकामे किती?’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर निरुपयोगी. त्यात संध्याकाळी सुट्टी मिळणाऱ्याचा बेड असतो, नर्स नाही म्हणून बंद ठेवलेला असतो, ऑक्सिजनचा पॉइंट नादुरुस्त असलेलाही असतो. प्रश्न असा हवा: ‘ऑक्सिजन ८८ असलेला रुग्ण अर्ध्या तासात दारात आला तर घ्याल का, आणि किती?’ दिवसातून दोनदा, सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहायची. पाठवण्याआधी पुन्हा एक फोन. रुग्णवाहिका दोन ठिकाणी फिरून परत येण्यात तास-दीड तास जातो, आणि तिच्यातला सिलिंडरही संपत असतो.

ऑक्सिजनचा हिशेब बोटांवर येईल असा ठेवला. केंद्र सरकारच्या सूत्रात साध्या ऑक्सिजन बेडला मिनिटाला १० लिटर, आयसीयूला २४. जंबो सिलिंडर ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. १० लिटरने साडेअकरा तास पुरतो. पन्नास रुग्ण गुणिले १० म्हणजे मिनिटाला ५००, दिवसाला ७२० घनमीटर, म्हणजे १०३ जंबो. द्रव ऑक्सिजन एक टन म्हणजे साडेसातशे घनमीटरच्या आसपास, त्यामुळे पन्नास साध्या बेडना दिवसाला साधारण एक टन. हाय फ्लो नेझल यंत्र (नाकातून मोठ्या वेगाने ऑक्सिजन देणारं) ६० लिटरवर असेल तर एक जंबो दोन तासांच्या आत रिकामा. छोट्या दवाखान्यात असं एक यंत्र वाढलं की सगळ्यांचा अंदाज चुकतो. म्हणून बेडच्या शीटमध्ये ‘हाय फ्लो किती चालू’ हा रकाना हवाच.

वाया कुठे जातो: रुग्ण जेवायला किंवा शौचाला गेला आणि मास्क उशीवर फुसफुसतोय, ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली पूर्ण आवळलेली नाही, सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा) ९८ आहे तरी फ्लो कमी केलेला नाही. ९२ ते ९६ पुरेसं आहे. दर दोन तासांनी एका नर्सने फक्त फ्लोमीटर बघत वॉर्डभर फिरायचं, दुसरं कुठलं काम तिला द्यायचं नाही. परवा, २१ तारखेला नाशिकला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन रुग्ण दगावले. त्यानंतर टाकी असलेल्या ठिकाणी ती भरताना पर्यायी जंबो जोडून तयार आहेत का, हा प्रश्नही रोजच्या फोनमध्ये घातला.

२० मे

रुग्ण उतरतायत. चाचण्याही उतरल्यात, त्यामुळे दोन्ही रेघा शेजारी ठेवूनच बोलायचं. फोनची माणसं कमी करू नयेत. आतापर्यंत न लागलेले नंबर आणि ‘वर्ग केली’ शेऱ्याच्या ओळी याच काळात निपटतात.

मृत्यूच्या नोंदी उशिरा येतात. कळल्याच्या दिवशी मोजल्या तर रुग्ण कमी होत असताना मृत्यू वाढल्यासारखे दिसतात. मृत्यूची तारीख वेगळी, कळल्याची वेगळी, आणि राहण्याचं ठिकाण पुन्हा एकदा तपासून. या ओळीत चूक झाली तर घरच्यांना पुढे कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात.

७ जून

आजपासून राज्यात निर्बंधांचे पाच स्तर. पहिल्या स्तरासाठी आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर ५ टक्क्यांच्या खाली आणि भरलेले ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांच्या वर असलेल्या महापालिका वेगळा घटक धरल्यात, त्यात औरंगाबाद आहे. उरलेला जिल्हा वेगळा. म्हणजे बजाजनगरची ओळ शहरात पडली की ग्रामीणमध्ये, यावर आता दुकानाची वेळ ठरणार. मार्चपासून साठलेलं वसाहतींचं शीट त्यासाठी ग्रामीणच्या टीमलाही दिलं.

फाइल बंद करण्याआधीचं काम: नावं आणि मोबाइल नंबर असलेली प्रत एकाच लॅपटॉपवर पासवर्ड लावून ठेवली. बाकीच्यांकडे जाणाऱ्या प्रतीत किल्लीच्या जागी साधा अनुक्रमांक आणि पत्त्याच्या जागी फक्त वॉर्ड. व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या याद्या आणि रजिस्टरचे फोटो प्रत्येकाच्या फोनच्या गॅलरीतही उतरलेले असतात. ग्रुपमधून पुसले तरी ते तिथे राहतात. एकेकाला समोर बसवून गॅलरी आणि बॅकअप दोन्ही साफ करून घेतले. पुढच्या वेळी ग्रुपचं ऑटो डाऊनलोड पहिल्याच दिवशी बंद करायचं.